साक्षीदाराच्या घरच्यांना

आंबेवाडी नाका, कोलाड

प्रति,
पेण, रोहा आणि कोलाड भागातील देवळांचे पुजारी व गुरव, सप्ताहांचे कीर्तनकार, चर्चचे फादर व पाळक, मशिदींचे इमाम आणि उत्सव मंडळांचे अध्यक्ष यांस,



आपल्याला एका पत्रात, एका रांगेत बसवल्याचे काहींना नवल वाटेल, काहींना रागही येईल. पण माझे म्हणणे ज्या कामाबद्दल आहे ते काम आपण सारेच करता. देशाच्या आणि राज्याच्या पुढाऱ्यांसाठी आपण देवाकडे मागता, आणि आम्ही मागे बसून कुठे ‘होय महाराजा’ म्हणतो, कुठे ‘आमेन’, कुठे ‘आमीन’. त्या मागण्याला आमचाही आवाज जोडला जातो. तेव्हा काय मागितले जाते आणि कसे, हे विचारायचा आम्हाला अधिकार आहे असे धरून लिहितो.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करू नका, असे मला म्हणायचे नाही. ती चाल जुनी आहे आणि चांगली आहे. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनवणी करायला सांगितले आहे. तेव्हा राज्य रोमचे होते आणि ख्रिस्ती माणसे मूठभर. त्याच्याही कितीतरी आधी यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला धरून नेलेल्या यहुद्यांना कळवले होते की ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी देवाला विनवा. यिर्मयाचे ते पत्र आपल्या भागाला परके नाही. रोहा-अष्टमीत आणि पेणमध्ये बेने इस्रायल यहुद्यांची सिनेगॉग आहेत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली, पण जाताना रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही आडनावे बरोबर घेऊन गेली. यहुदी उपासनेत राज्यकर्त्यांसाठी वेगळी प्रार्थना शतकानुशतके चालत आली आहे. जुम्म्याच्या खुतब्यात एके काळी सुलतानाचे नाव घेत, आणि कोणाचे नाव घेतले जाते यावरून त्या मुलखावर राज्य कोणाचे हे कळे. आपल्या देवळांतल्या गाऱ्हाण्यात तर गावच्या पाटलापासून दिल्लीपर्यंत सगळे येतात.

यांतल्या पहिल्या दोन प्रार्थना करणाऱ्यांत एक गोष्ट सारखी होती. रोमच्या बादशहाकडून किंवा बाबेलच्या राजाकडून त्यांना काही मिळायचे नव्हते. त्यांच्या प्रार्थनाघराला कोणी सभामंडप बांधून देणार नव्हता.

इथूनच माझी पहिली तक्रार सुरू होते. आपल्या भागात आता राज्यकर्त्यांसाठी जे मागितले जाते ते बहुतेक वाढदिवसाला आणि निवडणुकीच्या तोंडावर. ‘साहेबांना दीर्घायुष्य लाभो’ म्हणून अभिषेक, ‘साहेबांना मंत्रिपद मिळो’ म्हणून महाआरती, तिकीट मिळो म्हणून नवस, निकालाच्या दिवशी होम. दोन्ही बाजूंचे उमेदवार एकाच देवापुढे नारळ फोडतात आणि आपण दोघांनाही तोच अंगारा लावता. देवाने यातून काय करावे असे आपल्याला वाटते? माणसाच्या आयुष्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण ती आजारपणात. निवडून येण्यासाठीची प्रार्थना हे प्रचाराचे काम आहे. त्याला पोलिंग एजंट पुरतो, पुजारी कशाला हवा?

दुसरी तक्रार कीर्तनकार महाराजांपाशी. एका सप्ताहातले सांगतो, गावाचे नाव लिहीत नाही, कारण तसे आता बऱ्याच ठिकाणी होते. काल्याचे कीर्तन रंगात आले होते, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे, मृदंगाने ठेका धरलेला. तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. महाराजांनी अभंग मध्येच सोडला. निवेदकाने माईक घेतला, शाल आली, श्रीफळ आले, ‘आपल्या भागाचे भाग्यविधाते’ आले. पाहुण्यांनी वीणेकऱ्याच्या पायाला हात लावला तो फोटोसाठी दोनदा. मग भाषण झाले, त्यात सभामंडपाच्या निधीचा आकडा सांगितला गेला, टाळ्या पडल्या. अभंगाचे पुढचे चरण राहूनच गेले. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला, लोक घरी गेले. कोणाला काही खटकले नाही हे मला जास्त खटकले. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते म्हणून रात्री दोन वाजताचा पहारा करणारी माणसे आपल्याकडे आहेत. वीणा खाली ठेवू नये एवढे कळते, मग अभंग खाली ठेवू नये हे का कळू नये?

आपल्यातले काही जण व्यासपीठावरून सांगतात की देशाने देवाशी एकनिष्ठ राहिले पाहिजे, देव विसरलेले राष्ट्र टिकत नाही. मला हे पटते. पण एकनिष्ठ राहायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न या देशाने एकदा उघडपणे चर्चेला घेतला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी सुचवले की राज्यघटनेच्या प्रास्ताविकाची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोधात गेलेले सगळे नास्तिक होते असे समजू नका. हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप असा होता की श्रद्धेची गोष्ट सगळ्यांवर मिळून लादणे हेच संकुचितपणाचे आहे. सभागृहाने ती सूचना नाकारली. त्यामुळे आपल्या घटनेत देवाचे नाव येते ते शपथांच्या मसुद्यांत, तेही ज्याला हवे त्याने घ्यावे अशा रीतीने. नको असेल त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी.

आता आपले मंत्री शपथ घेताना ऐका. बहुतेक जण ईश्वराला साक्ष ठेवतात. कोणी बळजबरी केलेली नसते, प्रतिज्ञेची वाट मोकळी असते, तरी देवाला साक्षीला बोलावतात. आणि वचन कशाचे देतात? घटनेशी निष्ठा राखीन, कर्तव्य शुद्ध बुद्धीने पार पाडीन, कोणाला न भिता, कोणाची बाजू न घेता, कोणाविषयी ममता किंवा आकस न धरता सगळ्यांना न्यायाने वागवीन. व्यवहारात एवढा मोठा करार आपल्याकडे दुसरा नाही, आणि त्यावर साक्षीदार आहे आपला देव. आपण त्या साक्षीदाराच्या घरचे लोक. रोज त्याला अंघोळ घालणारे, त्याच्या नावाने बोलणारे, त्याच्या घराच्या किल्ल्या कमरेला लावणारे. मग करार करणारा माणूस दाराशी आला की त्याला कराराची आठवण आपण द्यायची, की हार घालायचा?

माझे सगळे मागणे खरे तर एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे.

आपल्याकडे याला दाखले आहेत, आणि ते दूरचे नाहीत. माधवराव पेशव्यांची गोष्ट आपल्यापैकी कीर्तनकार सांगतात. तरुण पेशवा स्नानसंध्येत आणि जपात इतका रमला की कारभाराची माणसे ताटकळू लागली. रामशास्त्री प्रभुणे आले, वाट पाहिली, परत गेले. मग येऊन काशीला जाण्याची परवानगी मागू लागले. कारण विचारल्यावर म्हणाले की राज्य करायचे असेल तर प्रजेचे काम हाच जप, आणि जपच करायचा असेल तर गादी सोडून गंगेकाठी चला, मीही येतो. पेशव्याने आपला क्रम बदलला असे सांगतात. पुढे १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे शास्त्री ते हेच. धर्म जाणणाऱ्या माणसाने सत्तेपुढे काय बोलावे हे त्या एका माणसाने दोनदा दाखवले. यातली पहिली गोष्ट आपण कीर्तनात रंगवून सांगता आणि शेवटी विनोदाची एक फोडणी देऊन सोडून देता. समोर पहिल्या रांगेत मंत्री बसलेला असताना ती सांगितलेली मी ऐकलेली नाही.

दुसरा दाखला पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, आणि तो अवघड आहे. विनोबा तिथे १८९५ साली जन्मले. सर्वधर्मप्रार्थना आणि मौन प्रार्थना त्यांनी गावोगाव नेली. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा ते पवनारला होते आणि त्यांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या मौनात त्यांच्याकडून ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द आले, आणि सरकारने ते आशीर्वाद म्हणून देशभर वापरले. विनोबांच्या मनात काय होते याचा उलगडा नंतर झाला. शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे, आणि आचार्यांनी निर्भयपणे, कोणाच्या पक्षात न जाता सत्तेला सल्ला द्यावा असा त्यांचा विचार. त्यासाठी जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. पण तोवर फलक रंगवून झाले होते. त्याच वर्षी गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याची त्यांची घोषणा छापणारा पवनार आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचा अंक मात्र पोलिसांनी जप्त केला. म्हणजे सोयीचे दोन शब्द फलकावर आणि गैरसोयीचा अंक पोलीस ठाण्यात. विनोबांसारख्याच्या शब्दाचे असे झाले, तर आपल्या आशीर्वादाचे काय होईल? आपण ‘कल्याण असो’ म्हणता तेव्हा समोरचा त्याचा फ्लेक्स करतो, हे आता तरी लक्षात घ्यावे.

त्याच आणीबाणीतली एक प्रार्थना आठवा. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचे साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तुरुंगातून सुटले होते पण मूत्रपिंडे निकामी होऊन मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी भर मंडपात प्रार्थना करायला लावली. देशभर तोंडे बंद असताना, ज्या सरकारने त्या माणसाला कोंडले त्या सरकारचा मंत्री यजमान असताना. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत, आजारी माणसासाठी देवाकडे मागितले, बस. सत्तेत नसलेल्या नेत्यासाठी केलेली ही प्रार्थना महाराष्ट्रातल्या सार्वजनिक प्रार्थनांत मला सगळ्यांत मोठी वाटते. दुर्गाबाई काही भाविक म्हणून ओळखल्या जात नव्हत्या. आपल्यासारख्यांचे काम त्या दिवशी एका लेखिकेने केले.

फादर आणि पाळक मंडळींना बायबलातल्या आमोसाची आठवण करून देतो. मेंढरे राखणारा माणूस बेथेलला जाऊन सांगत होता की तुमचे सण आणि तुमची गाणी देवाला नकोशी झाली आहेत, त्याला न्याय हवा आहे, न आटणाऱ्या ओढ्यासारखा वाहता. त्याला हाकलले कोणी? राजाने नव्हे. अमस्या नावाच्या याजकाने. इथे बोलू नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे, असे तो म्हणाला. देवाच्या घराला राजाचे घर म्हणणारा पहिला माणूस पुजारीच निघाला, हे वाचताना मला आमच्या सभामंडपावरची ‘यांच्या निधीतून’ ही पाटी दिसते. मूर्तीवरच्या नावापेक्षा तिची अक्षरे मोठी आहेत.

वाहत्या पाण्याचे निघालेच आहे तर कुंडलिकेचेही बोलतो. कोलाडला ती भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर उड्या मारत येते, पुण्या-मुंबईची पोरे राफ्टिंग करतात, सेल्फी काढतात. तीच नदी धाटावच्या औद्योगिक वसाहतीखाली गेल्यावर कशी होते ते रोह्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या कोळ्यांना विचारा. आपण तिच्यात मूर्ती विसर्जित करता, तिची ओटी भरता, तिच्या पाण्याने अभिषेक करता. पण ज्यांनी ईश्वराला साक्ष ठेवून कोणाची बाजू न घेण्याचे वचन दिले त्यांना या नदीचे काय, हे गाऱ्हाण्यात कधी आलेले नाही. महामार्गाचेही तेच. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून प्रत्येक गणपतीला नवी तारीख मिळते. चाकरमान्यांना सुखरूप पोचव, असे आपण देवाला सांगता. तो पोचवतोही बिचारा बहुतेकांना. पण खड्डे त्याने बुजवायचे नाहीत, ज्यांनी त्याला साक्षीला उभे केले त्यांनी बुजवायचे आहेत.

आणखी एक, जड मनाने. १६ एप्रिल २०२३, रविवार, खारघर. रेवदंड्याच्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण देण्याचा सरकारी सोहळा. आपल्या तालुक्यांतल्या घराघरांतून माणसे गेली होती, श्रद्धेने, स्वतःच्या पायाने. मंचावर केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री, आणि समोर एप्रिलच्या उन्हात उघड्या मैदानावर लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी. उष्माघाताने १४ जण गेले. सन्मानाला माझा आक्षेप नाही, आणि त्या माणसांच्या श्रद्धेला तर नाहीच. पण पुढच्या आठवड्यात आपल्यापैकी किती जणांनी त्या चौदा जणांसाठी प्रार्थना केली आणि मंचावरच्यांसाठीही, की त्यांना याची बोचणी लागू दे? मी जिथे होतो तिथे तरी कोणी नाही. भाविकांची गर्दी ही पुढाऱ्याच्या सोहळ्याची शोभा नव्हे, हे सांगायला भाविकांच्या बाजूने कोणी तरी उभे राहायला हवे होते. ते काम विरोधी पक्षांवर सोडले गेले, आणि ते त्यांनी त्यांच्या पद्धतीने केले.

राष्ट्राची प्रार्थना कशी असते याचा एक परका दाखला देतो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना लिंकनने ३० एप्रिल १८६३ हा दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. त्या जाहीरनाम्यात शत्रूला शाप नाहीत. आपल्याच देशाने समृद्धीच्या मस्तीत देवाला विसरल्याची कबुली आहे, आणि युद्ध ही कदाचित आपल्याच पापांची शिक्षा असेल असे म्हटले आहे. आपल्याकडे राष्ट्रकल्याणासाठी महायज्ञ होतात त्यांच्या पत्रिका मी वाचतो. त्यांत राष्ट्राचे शत्रू असतात, राष्ट्राचा गौरव असतो, वर्गणीदारांची नावे असतात. चूक एकही नसते.

आणि आपले पसायदान. सप्ताहात रोज म्हणतो, शाळेत म्हणतो, सरकारी कार्यक्रमातही म्हणतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, नेवाशात, सगळ्या विश्वासाठी मागितले. दुष्टांसाठी मागितले. राजासाठी वेगळे काही मागितले नाही. रामदेवराव यादवाचे नाव येते ते त्यानंतरच्या ओव्यांत, ग्रंथ कुठे आणि कोणाच्या राज्यात झाला हे सांगताना. तिथेही त्याच्या पराक्रमाचे, दानाचे वर्णन लांबवलेले नाही. तो न्यायाला पोसतो, एवढे मुख्य. गादीवर बसलेल्या माणसाबद्दल संताला नोंदवावीशी वाटलेली गोष्ट ती. आपल्या निवेदकांच्या हातात असते त्या विशेषणांच्या यादीत न्याय हा शब्द कुठे आहे ते जरा पाहा.

आता मागणी. राज्यकर्त्यांसाठी दर आठवड्याला, दर सप्ताहात प्रार्थना करा, पण त्यांनी घेतलेली शपथच मागणे म्हणून देवापुढे ठेवा. याला भीती सुटू दे, याची बाजू घेण्याची खोड जाऊ दे, याच्या मनातला आकस निघू दे, याच्या हातून सगळ्यांना न्याय होऊ दे. यात कोणत्याही पक्षाचा अपमान नाही आणि कोणत्याही पक्षाची सोय नाही. नाव घ्यायचेच तर सत्तेतल्याचे आणि विरोधातल्याचे, दोघांचे घ्या. समोर पुढारी बसला असेल तर हेच मागणे त्याच्या देखत करा. तो देवभीरू असेल तर हात जोडेल. नसेल तर पुढच्या वेळी येणार नाही, आणि तेही वाईट नाही.

सभामंडपाचे म्हणाल तर रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी सरकारच्या पैशाला हात न लावता स्वाध्यायाचा एवढा पसारा उभा केला. कोळी आणि शेतकरी भक्ती म्हणून आपल्या श्रमाचे दिवस देत होते. तेव्हा होत नाही असे म्हणू नका. पत्र्याचा मंडप चालेल.

रोहेकरांना एक विनंती वेगळी. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. इंग्रजांच्या अमदानीपासून ही चाल आहे. सरकार बदलले, गणवेश बदलला, सलामी राहिली. बाहेरचे लोक कौतुकाने बघायला येतात आणि आपल्यालाही अभिमान वाटतो. वाटू दे. पण सलामी कोण कोणाला देते आहे ते पाहा. राज्य देवाला देते आहे. त्याच दिवशी त्याच पालखीपुढे पुढाऱ्यांना आपण जे हार घालता आणि जी जागा अडवून देता त्यात हा क्रम उलटतो. पालखी खांद्यावर घ्यायची असेल तर साहेबांनी जरूर घ्यावी, इतरांसारखी, आपल्या पाळीने, गाड्यांचा ताफा लांब ठेवून.

चिंतामणराव देशमुख याच मातीतले. देशाचे अर्थमंत्री असताना १९५२ साली कुलाब्यातून निवडून गेले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांना पद सोडायचे बळ कोणत्या देवळातल्या अभिषेकाने मिळाले, याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. आपण मागू लागलात तर पुढच्या एखाद्याला ते मिळेलही.

सप्ताहाच्या पत्रिकांचे मसुदे आता छापखान्यात जायला लागतील. माझे बाकीचे म्हणणे विचारात घ्यायला वेळ लागला तरी चालेल, पण पत्रिकेतली ‘प्रमुख उपस्थिती’ ही ओळ यंदा काढता येते का, ते मंडळाच्या बैठकीत ठेवून कळवावे. त्या ओळीपायी येणारी देणगी बंद झाली तर घरटी वर्गणी वाढवा. माझी वाढीव वर्गणी मी आधी देतो.



आपला,
मंडपात मागच्या रांगेत बसणारा एक कोलाडकर